मुलाला एडीएचडीची गोळी सुरू करायची आहे, अनुभव सांगा

खिडकीतली (धागाकर्ती), सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. पुण्यात राहते. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. लहानपणापासून पायाला भिंगरी. आजेसासूबाई म्हणायच्या, ह्याच्या अंगात वारं शिरलंय. तेव्हा सगळे हसायचो. तिसरीपासून मात्र डायरीत रोज लाल शेरा यायला लागला. गणित तोंडी विचारलं तर फटाफट सांगतो, पेपरात दहापैकी चारच सोडवलेली असतात. पाचव्यापाशी पेन्सिलीला टोक करत बसला आणि तिथेच वेळ संपला. डबा, बाटली, स्वेटर सगळं शाळेत विसरून झालंय, एकदा तर एका पायातला बूट. (तो कसा विसरला हे अजून कोणालाच कळलेलं नाही.) हे सगळं चालवून घेतलं असतं. पण मित्रांच्या वाढदिवसाचं बोलावणं येईनासं झालं, ते फार लागलं.

बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आमच्याकडून आणि शाळेकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले, त्याला तीनदा बोलावलं, मग एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलपणा) असं सांगितलं. आठ महिने समुपदेशन, घरात तक्ते, चांदण्या, टायमर सगळं केलं. फरक पडला, नाही असं नाही. पण शाळेतलं काही सुटेना. आता डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलंय, ५ मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर.

ती चिठ्ठी अकरा दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकतेय.

सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी? नवरा म्हणतो, मीही असाच होतो, माझं काय बिघडलं? (ह्यावर मी काही बोलत नाही.) मला रात्री झोप येत नाही. सवय लागते का? मुलगा गप्पगप्प होऊन बसेल का? उंची खुंटते म्हणतात ते खरं का? आणि एकदा सुरू केली की जन्मभर?

शिवाय धीर करून औषध आणायला गेले तर चार दुकानांत नाही म्हणाले. एकाने तर मी गर्द मागितल्यासारखं बघितलं.

---

पानगळ, सोमवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही हेच चाललंय, मुलगी आहे फक्त.

---

तिरकस, मंगळवार, सकाळी ७:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी अशा मुलांना वांड म्हणायचे आणि मैदानावर सोडायचे. आता मैदान राहिलं नाही म्हणून गोळी आली. हा आजारच मुळात औषध कंपन्यांनी शोधलाय. मोबाइल बंद करा, संध्याकाळी दोन तास पळवा, ब्राह्मी द्या. मेंदूची रसायनं ढवळायला जाऊ नका.

---

जुनाट, मंगळवार, सकाळी ९:०५

@तिरकस, मैदानाबद्दल शंभर टक्के सहमत. 'कंपन्यांनी शोधलेला आजार' हे मात्र तारखांशी जुळत नाही. क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १७९८ साली लक्ष एका जागी न ठरण्याच्या व्याधीबद्दल लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. तेव्हा विकायला गोळी कुठे होती?

औषधाचा शोध तर अपघातानेच लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला मुलांच्या एका इस्पितळात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते. तेव्हा मेंदूचा एक्स-रे काढण्याआधी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरायचे, त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीचं विशेष काही झालं नाही, पण मुलं अभ्यासाला बसायला लागली! मग त्यांनी तीस मुलांना आठवडाभर ते देऊन १९३७ साली निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या मुलांचं शाळेतलं काम एकदम सुधारलं होतं. मुलंच त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणायची.

मिथाइलफेनिडेट त्यानंतरचं. १९४४ साली बाझेलमध्ये सीबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोन ह्या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरिट, लाडाने रिटा. तिचा रक्तदाब कमी असायचा, टेनिस खेळण्याआधी ती हे घ्यायची असं सांगतात. तिच्यावरून नाव पडलं रिटालिन. सत्तर वर्षं बाजारात असलेलं औषध आहे हे, कालचं नाही.

---

मेंदूचा_हमाल, मंगळवार, दुपारी २:३०

ह्या आयडीमागे बालमानसोपचाराचा डॉक्टर आहे, पण इथे कोणाचं निदान करणार नाही आणि डोसही सांगणार नाही. धागाकर्तीच्या प्रश्नांपुरतं लिहितो.

पहिला गोंधळ सगळ्यांचाच असतो: चंचल मुलाला उत्तेजक औषध कसं? असं समजा, वर्गात मास्तरच डुलक्या घेतायत, मग पोरं दंगा करणारच. मेंदूचा पुढचा भाग हा तो मास्तर. गोळी पोरांना झोपवत नाही, मास्तरांना चहा पाजते. शास्त्राच्या भाषेत, डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं पेशीबाहेर आली की लगेच परत आत ओढली जातात. मिथाइलफेनिडेट ती ओढून घेण्याची वाट अडवतं, त्यामुळे ती बाहेर जरा जास्त वेळ कामाला राहतात.

साधी गोळी तीन-चार तास चालते. साडेसातला घेतली की मधल्या सुट्टीच्या सुमाराला संपली. सावकाश सुटणारी दिवसभर पुरते, ती चावायची किंवा फोडायची नाही. त्यातल्या एका प्रकारात वरचं कवच विरघळतच नाही, शौचात अख्खी गोळी दिसते. मग आईचा घाबरून फोन येतो, डॉक्टर, गोळी पचलीच नाही! पचलेली असते, ते रिकामं टरफल.

'गप्प होईल का' ह्याचं उत्तर नीट वाचा. मूल मलूल झालं, हसेना, शून्यात बघत बसलं तर तो औषधाचा गुण समजायचा नाही. डोस जास्त झालाय किंवा औषध मानवलेलं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. शाळा खूश असली तरीही. 'आता अजिबात त्रास देत नाही' अशी चिठ्ठी शाळेकडून आली की मी आधी मुलाला विचारतो, तुला कसं वाटतंय?

सवय: सांगितलेल्या डोसात, तोंडाने घेतलेल्या औषधाने नशा येत नाही आणि ही मुलं पुढे व्यसनी होण्याचं प्रमाण वाढलेलंही दिसलेलं नाही. पण हेच औषध परीक्षेच्या आदल्या रात्री कॉलेजची मुलं मित्राकडून घेतात, हे खरं आहे. तेव्हा कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा.

उंची: काही वर्षं सलग घेतलं तर वाढ थोडी मंदावते, फरक साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या घरातला. दर तीन-चार महिन्यांनी उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघायचा तो ह्यासाठीच. सुरू करण्याआधी मुलाला कधी पळताना चक्कर आली होती का, घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने अचानक गेलंय का, हे डॉक्टरांनी विचारलेलं असेल. नसेल तर तुम्ही सांगा.

रोजची कटकट मात्र वेगळीच असते. भूक मरते, रात्री झोप उशिरा लागते, आणि संध्याकाळी असर उतरताना मूल तासभर चिडचिडं होतं. बहुतेक आया औषध सोडतात त्या ह्या तासापायी.

जन्मभर? अमेरिकेत ५७९ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला. चौदा महिने नीट लक्ष ठेवून औषध दिलेल्या मुलांची लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (तक्ते, चांदण्या, टायमर वगैरे) जास्त कमी झाली. औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्यांना कमी डोस पुरला. पण तिसऱ्या वर्षापर्यंत गटागटांतला फरक पुसला गेला, कारण अभ्यास संपल्यावर जो तो आपापल्या वाटेने गेला, कोणी सोडलं, कोणी सुरू केलं. मी त्यातून एवढंच घेतो की गोळी आज घेतली तर आज काम करते. दर वर्षी थोडे दिवस थांबवून, अजून गरज आहे का हे बघायचं. तुमचे आठ महिने वाया गेलेले नाहीत, ते चालूच ठेवा.

सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध नाही, पालकांचं प्रशिक्षण. हे वाचकांतल्या लहान मुलांच्या आयांसाठी.

---

तिरकस, मंगळवार, दुपारी ४:१०

डॉक्टर, प्रतिसाद चांगला आहे, मान्य. पण मी हवेत बोलत नव्हतो. माझ्या पुतण्याला सातव्या वर्षी एडीएचडीचा शिक्का मारला, पंधरा मिनिटांत. फॉर्म नाही, शाळेला फोन नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, रात्री घोरतो का? घोरायचा, तोंड उघडं टाकून. अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) इतके वाढले होते की पोराला धड झोपच नव्हती. ऑपरेशन झालं, दोन महिन्यांत पोरगा वर्गात बसायला लागला. म्हणून चिडतो.

---

मेंदूचा_हमाल, मंगळवार, रात्री ९:००

@तिरकस, हा प्रतिसाद आधी टाकला असतात तर भांडणच झालं नसतं. अगदी बरोबर. झोप, कान, डोळे, फिट्सचा एक प्रकार ज्यात मूल काही सेकंद नुसतं एकटक बघतं, घरातली भांडणं, वाचनातली अडचण, ह्या सगळ्यांनी मूल 'लक्ष देत नाही' असं दिसू शकतं. पंधरा मिनिटांत निदान होत नाही. लक्षणं घरात आणि शाळेत दोन्हीकडे हवीत आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासूनची हवीत.

ब्राह्मीवरचे अभ्यास छोटे आहेत, औषधाच्या जागी ती द्यावी इतका पुरावा नाही. देत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, इतकंच.

---

काउंटरमागून, मंगळवार, रात्री १०:२०

साताऱ्यात मेडिकलचं दुकान आहे, त्या 'गर्द मागितल्यासारख्या' नजरेबद्दल लिहितो.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं, म्हणजे कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात वर लाल अक्षरांत एक्सआरएक्स असं छापलेलं असतं. ह्यासाठी नेहमीच्या परवान्याशिवाय वेगळा परवाना लागतो. माल कुलपात ठेवायचा, प्रत्येक गोळीची नोंद वहीत करायची. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवायची. शिवाय हे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही आहे. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं असलेल्या औषधासाठी एवढा व्याप कोण करणार? म्हणून गल्लीतला दुकानदार 'नाही' म्हणतो. काहीजण जरा तुसडेपणाने म्हणतात, त्याबद्दल माझ्या जातभाईंच्या वतीने माफी.

पुढचं लक्षात ठेवा. डॉक्टरांनाच विचारा कुठे मिळेल, त्यांना दुकान माहीत असतं. मोठ्या इस्पितळाच्या आवारातल्या दुकानात शक्यता जास्त. चिठ्ठी दोन प्रतींत आहे का, तारीख, सही, नोंदणी क्रमांक, गोळ्यांची एकूण संख्या आहे का, हे दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी बघा. संख्या नसेल तर मी परत पाठवतो आणि माणसं माझ्यावर ओरडतात. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा मिळत नाही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा.

आणि व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून देता येत नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यात शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं सरळ वगळली आहेत. ऑनलाइन कोणी लिहून देत असेल तर चार हात लांब राहा.

---

खिडकीतली, मंगळवार, रात्री ११:१५

@काउंटरमागून, चिठ्ठी आत्ता फ्रिजवरून काढून बघितली. एकच प्रत आहे. आणि संख्या नाही!!

---

काउंटरमागून, मंगळवार, रात्री ११:२१

घ्या. चारही दुकानांत औषध असतं तरी मिळालं नसतं.

---

भिंगरी, बुधवार, दुपारी १२:४५

थोडं अवांतर, पण तुमच्या नवऱ्याच्या 'मीही असाच होतो' वरून लिहावंसं वाटलं.

मी अडतीस वर्षांची, ठाण्यात असते. मुलाचा फॉर्म भरताना प्रत्येक प्रश्नाला वाटत होतं, अरे हे तर माझंच वर्णन. माहेरी मला वेंधळी म्हणायचे. उड्या मारत नव्हते, खिडकीबाहेर बघत बसायचे, त्यामुळे कोणाला त्रास नव्हता आणि कोणाचं लक्षही गेलं नाही. नोकरीत प्रत्येक काम शेवटच्या रात्री, रडत. मुलाच्या मागोमाग माझंही निदान झालं. हे अनुवंशाने बरंच येतं, डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही.

मला अ‍ॅटोमोक्सेटिन दिलं. हे उत्तेजक गटातलं नाही, शेड्यूल एक्सचं लचांड नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं. पण सावकाश चढतं, चार ते सहा आठवडे वाट बघायला लागते. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, तोंड कोरडं, जेवणावरची वासना गेलेली. रिकाम्या पोटी घेतली तर विचारूच नका. कॅप्सूल उघडायची नाही, आतली पूड डोळ्याला झोंबते. मुलांना देताना सुरुवातीच्या काही आठवड्यांत मनात वाईटसाईट विचार येतायत का ह्यावर लक्ष ठेवायला सांगतात, तशी ठळक सूचनाच आहे अमेरिकेत त्या औषधावर. दुसरी औषधं चालू असतील तर आधी सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ह्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

फायदा कसा कळला सांगते. सातव्या आठवड्यात एका सकाळी गॅस बंद करताना लक्षात आलं, किती दिवसांत दूध उतू गेलं नाहीये. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा शेगडी घासायला लागायची. कोणी मला हुशार केलं नाही, मी दुधापाशी उभी राहिले इतकंच.

खूप रडले त्या दिवशी. आनंदाने नाही. दहावीपासूनच्या वर्षांचा हिशोब करून.

---

पानगळ, बुधवार, दुपारी १:३०

@भिंगरी, दुधाचं वाचून इथे ऑफिसात डोळे पुसतेय. माझी मुलगीही खिडकीबाहेर बघणारीच.

---

बाराखडी, बुधवार, संध्याकाळी ५:५०

शिक्षिका आहे, वर्गात पट ५८. आमचीही बाजू ऐका. एका मुलासाठी थांबायला खरंच वेळ नसतो. पण एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगते. एका मुलाने दंगा केला तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, 'आज गोळी घेतली नाहीस वाटतं?' वर्ग हसला. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून गोळी तोंडात धरून बेसिनमध्ये थुंकायला लागला, हे त्याच्या आईकडून महिन्याने कळलं.

शाळेला सांगायचं असेल तर वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटून सांगा आणि 'वर्गात उल्लेख नको' हे स्पष्ट म्हणा. दुपारचा डोस शाळेत द्यायला लागणार असेल तर दप्तरात गोळी ठेवू नका, आमच्याकडे द्या. पहिल्या बाकावर बसवा म्हणून सगळेच सांगतात, पण खिडकी आणि दार दोन्हीपासून लांबचा पहिला बाक मागा.

---

परतीचा_पाऊस, गुरुवार, सकाळी ८:१०

न्यू जर्सीत अकरा वर्षं काढून पुण्यात परतलो. परत यायच्या विचारात असलेल्यांसाठी आमची फजिती लिहितो.

मुलगी तिकडे अ‍ॅडरॉल घ्यायची, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइनचे क्षार. तिकडेही सुख नव्हतंच. दर वेळी नवीन प्रिस्क्रिप्शन, आपोआप पुढचा महिना मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एफडीएनेच (तिकडची औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तुटवडा जाहीर केला. बायको सोमवारी सकाळी यादी घेऊन बसायची आणि एकामागून एक फार्मसीला फोन.

आम्हाला वाटलं भारतात सगळं मिळतं. अ‍ॅम्फेटामाइन गटातलं औषध इथे एडीएचडीसाठी मिळतच नाही. हे विमानाची तिकिटं काढल्यावर कळलं. मग तिकडच्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन महिने आधी मिथाइलफेनिडेटवर आणलं. डोस एकास एक बसत नाही, नव्याने जुळवायला लागतो, आणि तो खटाटोप नवीन शाळेच्या पहिल्या आठवड्यात नको. तिकडचा सगळा कागद, निदानाचा अहवाल, डोसचा इतिहास छापून आणा. इथल्या डॉक्टरांनी तो बघून पुन्हा स्वतः तपासलं, आणि ते बरंच झालं.

जपानला जाणाऱ्यांनो, अ‍ॅडरॉल तिकडे न्यायलाच बंदी आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. दुबईबिबईलाही आधी परवानगी काढा. बॅगेत टाकून निघू नका.

---

तिरकस, गुरुवार, सकाळी ९:००

सोमवारी सकाळी यादी घेऊन बसायची म्हणजे आपल्याकडे १९८० मध्ये रॉकेलसाठी बसायचे तसं. महासत्ता!

---

खिडकीतली, तीन आठवड्यांनी

धागा वर काढतेय.

दोन प्रतींची चिठ्ठी आणली, इस्पितळाच्या दुकानात औषध मिळालं. सुरू केलं. पहिल्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून होते दीड तास, कशासाठी ते विचारू नका.

पहिला आठवडा काहीच कळलं नाही. मग डॉक्टरांनी थोडं वाढवलं, दुपारीही एक गोळी सुरू केली. डबा परत यायला लागला, जसाच्या तसा. पोळीचा रोल, वर दाताची एकच खूण. @मेंदूचा_हमाल म्हणाले तो संध्याकाळचा तासही अगदी घड्याळ लावल्यासारखा येतो, पाच ते सहा. भिंतीला लाथा, बहिणीची वही फाडली. सासूबाई म्हणाल्या, बघ, मी म्हणत होते. त्या रात्री बंद करणार होते.

---

मेंदूचा_हमाल, त्याच दिवशी, रात्री

बंद करायचं असेल तरी डॉक्टरांना विचारून करा, चिडून नको. हा तास त्यांना सांगा. दुपारच्या डोसची वेळ बदलून किंवा सावकाश सुटणाऱ्या प्रकारावर जाऊन त्यावर उपाय करता येतो. भुकेचं म्हणाल तर गोळीच्या आधी दणकट नाश्ता. रात्री साडेआठ-नऊला भूक उसळते, तेव्हा 'आत्ता काय खातोस' म्हणू नका.

---

भिंगरी, त्याच दिवशी, रात्री

थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. सकाळी सातला. माझा मुलगा तेवढ्यावर दुपार काढतो. आणि पाच ते सहा त्याला कोणी काही विचारायचं नाही, अभ्यास नाही, पाहुणे नाहीत. आम्ही त्या वेळात त्याला सायकल देऊन खाली सोडतो.

---

खिडकीतली, साडेतीन महिन्यांनी

सांगायचं राहिलंच होतं.

आता सावकाश सुटणारी गोळी घेतो. संध्याकाळचा तास अर्ध्यावर आलाय, गेलेला नाही. रविवारी देत नाही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि रविवारी घरात दंगा असतो. खरं सांगू? बरं वाटतं तो ऐकून. वजन अर्धा किलो उतरलं होतं, भरून आलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा करतो. पहिली खूण माझी, दुसरी सासूबाईंनी केली, तारीख घालून. म्हणजे त्याही लक्ष ठेवून आहेत. रात्रीचं दूध-पोहे त्याच करून देतात, 'गोळीने वाळला पोरगा' असं म्हणत.

मार्क विशेष वाढले नाहीत. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखं. पण परवा झोपताना म्हणाला, आई, आता बाई फळा पुसायच्या आधी माझं लिहून होतं. मी विचारलं, आधी काय व्हायचं? म्हणाला, आधी मी पुसलेलं बघायचो.

नवरा पुढच्या महिन्यात स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घेतोय. ह्यावरही मी काही बोलत नाही.

@काउंटरमागून, एक विचारायचं होतं. मे महिन्यात गावाला जाणार, त्याआधी पुढच्या सोमवारी चिठ्ठी घेईन. त्या दुकानात माल आहे का ते फोनवर विचारलं तर सांगतात का?

---

काउंटरमागून, दुसऱ्या दिवशी, सकाळी

सांगतात. औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि किती गोळ्या ते सांगा, चिठ्ठी दोन प्रतींत आहे हेही सांगा म्हणजे आवाज बदलेल. सकाळी अकराच्या आत करा. दुपारी एक ते चार करू नका, पुण्यात राहता, हे मी साताऱ्याहून सांगायला नको.